ओव्हरक्लॉक केलेला पीसी मध्येच बंद पडतोय? दोष कुठे आहे ते असं शोधा

गेम ऐन रंगात आलेला असतो आणि स्क्रीन निळी होते. कधी नुसतीच काळी होते, तर कधी काहीही न सांगता पीसी रीस्टार्ट होतो. ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेल्या मशिनवर असं झालं की बरेच जण बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जातात, व्होल्टेज थोडं चढवतात आणि देवावर हवाला ठेवून परत गेम लावतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. व्होल्टेज हा शेवटचा उपाय. आधी प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड या तिघांपैकी नक्की कोण चुकतंय हे कळलं पाहिजे. ते न कळता केलेले बदल म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

सुरुवात बॅकअपपासून

रॅममधला एखादा बिट चुकला की दर वेळी पीसी बंद पडतोच असं नाही. कित्येकदा तीच चुकीची माहिती गुपचूप डिस्कवर लिहिली जाते. मग जुना फोटो उघडत नाही, झिप फाइल बिघडलेली निघते, गेम पुन्हा पुन्हा फाइल दुरुस्त करायला लागतो. म्हणून चाचण्या सुरू करण्याआधी महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. दोष सापडून रॅम ठीक झाली की विंडोजच्या सिस्टिम फाइलही एकदा तपासून घ्या.

पायरी १: सगळं मूळ सेटिंगवर आणा

बायॉसमध्ये डिफॉल्ट सेटिंग लोड करा आणि ग्राफिक्स कार्डचं ओव्हरक्लॉक आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधून रीसेट करा. रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइलसुद्धा बंद झालं पाहिजे. अनेकांना ते ओव्हरक्लॉक वाटतच नाही, पण ते ओव्हरक्लॉकच आहे. डीडीआर५ रॅमच्या खोक्यावर ६००० छापलेलं असलं तरी प्रोफाइल बंद असताना ती साधारण ४८०० किंवा ५६०० वर चालते. वरचा वेग नुसत्या रॅमला नव्हे, तर प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरलाही झेपावा लागतो. चार स्टिक लावल्या असतील तर त्याच्यावर आणखी ताण येतो.

पीसी बायॉसपर्यंतही पोचत नसेल तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायॉसची साठवलेली सेटिंग पुसा. पॉवर सप्लायचं बटण बंद करून वायर काढा आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेला जंपर जोडा, किंवा गोल सेल काही मिनिटं काढून ठेवा. डीडीआर५च्या मशिनवर त्यानंतर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. बोर्ड तेव्हा रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे रॅमशी जुळणारी सेटिंग शोधत असतो. घाबरून वीज तोडू नका.

आता दोन-तीन दिवस असंच वापरा. तरीही बंद पडला तर दोष ओव्हरक्लॉकचा नाही. उष्णता, पॉवर सप्लाय, ड्रायव्हर किंवा एखादा खराब पार्ट पाहावा लागेल. प्रोसेसर इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीतला डेस्कटॉपचा असेल तर बायॉस अपडेट करूनच पुढे जा. यातले काही प्रोसेसर मूळ सेटिंगवरही अस्थिर होत होते आणि २०२४ मध्ये इंटेलने त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमची दुरुस्ती) दिला. मात्र चिप आधीच खराब झाली असेल तर अपडेटने ती सुधारत नाही. तिथे वॉरंटीच कामाला येते.

पायरी २: इव्हेंट व्ह्यूअर वाचा

इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची नोंदवही. तिच्यात विंडोज लॉग्जमधला सिस्टिम हा भाग उघडा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद दिसेल आणि सगळे तिच्यावरच अडकतात. मशिन नीट शटडाउन झालं नाही एवढंच ती सांगते. कारण सांगत नाही. आपल्याला हवी असते ‘व्हीआ-लॉगर’ची (WHEA-Logger) नोंद. तिचा क्रमांक १९ असेल तर हार्डवेअरची चूक झाली, पण सावरली गेली. १८ म्हणजे सावरता आली नाही.

या नोंदीचं मोल मला माझ्याच मशिनवर कळलं. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे व्होल्टेज कमी करणारं सेटिंग, सगळ्या कोअरना उणे ३० लावलं होतं. सिनेबेंच ही प्रोसेसरची जड चाचणी तासभर बिनतक्रार चालायची, आणि पीसी रीस्टार्ट व्हायचा तो नुसता ब्राउझर उघडा असताना. १८ क्रमांकाच्या तीन नोंदी होत्या आणि तिन्हींमध्ये एपिक आयडी, म्हणजे चूक झालेल्या थ्रेडचा क्रमांक, ६ होता. साधारणपणे एका कोअरचे दोन थ्रेड असतात, म्हणजे ० आणि १ पहिल्या कोअरचे, तर ६ आणि ७ चौथ्याचे. फक्त त्या चौथ्या कोअरला उणे १२ वर आणलं, बाकीचे तसेच ठेवले. रीस्टार्ट थांबले. कारण साधं होतं: सगळे कोअर राबत असताना प्रत्येकाचा वेग कमी असतो. हलक्या कामात एकटा कोअर सर्वात वरच्या वेगाला उडी मारतो आणि नेमकं तिथेच त्याला व्होल्टेज कमी पडतं. म्हणून नुसत्या जड चाचण्यांवर विसंबू नका.

पायरी ३: एका वेळी एकच गोष्ट परत लावा

पहिला मान रॅमचा, कारण रॅम अस्थिर असेल तर बाकीच्या कुठल्याच चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. प्रोफाइल चालू करा आणि पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६चे चारही पास होऊ द्या. रात्रभर लावून ठेवलेलं बरं. एक जरी एरर आला तरी नापास. ‘एकच तर आहे’ असं इथे चालत नाही. नापास झालं तर वेग एक पायरी उतरवा, म्हणजे ६००० वरून ५८०० किंवा ५६००. दोनच स्टिक असतील तर त्या पुस्तिकेत सांगितलेल्याच स्लॉटमध्ये आहेत ना, तेही बघा. बहुतेक बोर्डांवर ते प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा असतात. मेमटेस्टच्या वेळी ग्राफिक्स कार्ड थंड असतं, पण गेम चालताना त्याची गरम हवा रॅमवर येते. त्यामुळे मेमटेस्ट पास झाल्यावर गेम लावूनही पाहा.

मग प्रोसेसर. प्राइम९५ या सॉफ्टवेअरमधली स्मॉल एफएफटी ही चाचणी लावा आणि शेजारी तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. चाचणीतला एखादा वर्कर (एका थ्रेडवरचं काम) थांबला की ओव्हरक्लॉक नापास. बहुतेक रायझन ७००० ची मर्यादा ९५ अंश, तर अलीकडच्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरची साधारण १०० अंश. तिथे पोचल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

ग्राफिक्स कार्डात कोअर आणि मेमरी वेगवेगळे तपासा. कोअर जास्त ताणला की गेम थेट डेस्कटॉपवर फेकला जातो. कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर रीसेट करते. कोअर १५-१५ मेगाहर्ट्झने उतरवा. मेमरी जास्त ताणली की ठिपके आणि रंगीत चौकोन दिसतात. पण काही कार्डांवर असलेल्या जीडीडीआर६एक्स मेमरीचं तसं नाही. ती चूक पकडून माहिती पुन्हा पाठवते, त्यामुळे काहीच बिघडलेलं दिसत नाही, फक्त एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) घसरतो. तिथे दर ५० मेगाहर्ट्झला बेंचमार्क चालवा. स्कोअर वाढायचा थांबून उतरायला लागला की १०० मागे या.

व्होल्टेज आता

गुन्हेगार सापडल्यावरही आधी वेग उतरवून बघा. ५० मेगाहर्ट्झचा फरक गेममध्ये जाणवतही नाही, उष्णतेचा मात्र लगेच जाणवतो. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: १.२५ वरून १.३५ व्होल्ट केलं तर व्होल्टेज ८ टक्के वाढतं, वीज जवळजवळ १७ टक्के. वाढवायचंच असेल तर ०.०१ व्होल्टच्या टप्प्यांनी वाढवा. रायझन ७००० वर एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) १.३ च्या वर नेऊ नका.

भर लोडवर सगळं एकदम वीज गेल्यासारखं बंद झालं आणि पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय मशिन उठत नसेल, तर संशय पॉवर सप्लायवर घ्या. ग्राफिक्स कार्डाला दोन कनेक्टर लागत असतील तर ते दोन वेगळ्या केबलनी जोडा.

प्रत्येक बदल आणि त्याचा निकाल वहीत तारखेसह लिहा. सगळं पास झाल्यावर तिघांचं ओव्हरक्लॉक एकत्र लावून काही तास गेम खेळा आणि बायॉसमध्ये प्रोफाइल सेव्ह करा. बायॉस अपडेट केला की ही प्रोफाइल बरेचदा पुसली जाते, तेव्हा अपडेटआधी सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा.