मेजर बघायला जाताय? एकीला धरा आणि चालायला लागा

भाचीचा फोन आला. "मावशी, आम्ही तिघी महिला गोल्फची मेजर बघायला निघालोय. अठराव्या ग्रीनसमोरच्या स्टँडमध्ये जागा धरायची तर किती वाजता जावं लागेल?" म्हटलं, स्टँडचं रविवारी बघू. आधी सांग, पायात काय घालणार आहेस?

फोनवर सांगितलेलं अर्धं तिच्या डोक्यावरून गेलं असणार, म्हणून नीट लिहून काढतेय. मी गोल्फ बेताचंच खेळते. सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा हातात क्लब धरला आणि माझा हँडिकॅप (खेळाच्या दर्जाचा आकडा) चारचौघांत सांगण्यासारखा नाही. पण प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडून चालण्यात मी मुरलेली आहे.

मेजर म्हणजे गोल्फमधली सगळ्यात मानाची स्पर्धा. महिलांच्या वर्षात पाच मेजर होतात: शेव्हरॉन, यूएस विमेन्स ओपन, विमेन्स पीजीए, फ्रान्समधली एव्हियाँ आणि शेवटी विमेन्स ओपन, जिला जुनी मंडळी अजूनही ब्रिटिश ओपन म्हणतात. यूएस विमेन्स ओपन सगळ्यात जुनी, १९४६ ची. एलपीजीए ही महिला व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना तेरा जणींनी १९५० मध्ये काढली, म्हणजे ही स्पर्धा त्याच्याही आधीची. एव्हियाँला २०१३ पासून मेजरचा दर्जा आहे. तिथलं मैदान तळ्याच्या वरच्या उतारावर आहे, गुडघे कुरकुरत असतील तर आधीच विचार करा. मात्र तिथला शेवट बघण्यासारखा असतो: विजेतीच्या देशाचा झेंडा घेऊन पॅराशूटवाले आकाशातून उतरतात. शेव्हरॉनची विजेती तळ्यात उडी मारते. १९८८ मध्ये एमी अल्कॉटने आनंदाच्या भरात मारली आणि पुढे तो रिवाजच झाला. स्पर्धा कॅलिफोर्नियातून टेक्सासला गेली तेव्हा तो तिथेच संपणार असं मला वाटलं होतं. पण २०२३ मध्ये लिलिया वूने नव्या मैदानावरच्या तळ्यातही उडी टाकली.

मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी विमेन्स ओपनला जावं. बहुतेकदा समुद्राकाठची मैदानं, झाडं जवळजवळ नाहीत, त्यामुळे लांबवरचं दिसतं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स तर गावातच सुरू होतं आणि गावातच संपतं. अठराव्या होलवरून एक रस्ता आडवा जातो. तिथे महिला व्यावसायिकांची स्पर्धा पहिल्यांदा झाली २००७ मध्ये आणि ती लोरेना ओचोआने जिंकली. शेजारच्या आर अँड ए क्लबने महिलांना सभासद करून घ्यायचा ठराव केला तो २०१४ मध्ये. त्या हिरवळीवर महिलांना खेळताना बघायचं तर या दोन सालांमधली सात वर्षं लक्षात ठेवून बघा.

आता दिवस कोणता? सगळे रविवारच्या तिकिटामागे असतात. तुम्ही गुरुवार-शुक्रवार पकडा. सोमवार ते बुधवार सराव चालतो, तेव्हा वातावरण मोकळं असतं. फोटो काढता येतात. एकाच जागेवरून चार-चार चेंडू पट करताना, म्हणजे हलक्या फटक्याने भोकाकडे ढकलताना, खेळाडू दिसतात, कॅडीशी (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाशी) त्यांच्या गप्पा कानावर पडतात. गुरुवार-शुक्रवारी तिघी-तिघींचे गट असतात. शुक्रवारी संध्याकाळी कट लागतो, म्हणजे मागे पडलेल्या स्पर्धेतून बाद होतात, आणि निम्म्याच्या आसपास जणी घरी जातात. यूएस विमेन्स ओपनमध्ये १५६ पैकी पहिल्या ६० आणि त्यांच्या बरोबरीच्या तेवढ्या राहतात. शनिवार-रविवारी दोघी-दोघी खेळतात आणि आघाडीवरच्या सगळ्यात शेवटी निघतात.

सांगायचं मुख्य ते असं: पहिले दोन दिवस कोणा प्रसिद्ध खेळाडूच्या मागे जाऊ नका. नेली कोर्डाच्या गटामागे तीन-चार रांगा असतात आणि तुम्हाला दिसतात त्या टोप्या. टी टाइमची, म्हणजे कोणता गट किती वाजता सुरू करणार त्याची, यादी लागली की सकाळी लवकरचा किंवा दुपारी उशिराचा एखादा गट निवडा, ज्यातलं एकही नाव तुम्ही ऐकलेलं नाही. त्यातली एक खेळाडू तुमची. का, ते विचारू नका. नाव आवडलं, पात्रता फेरीतून आली, पहिलीच मेजर आहे, काहीही चालेल. मग तिच्याबरोबर पहिल्यापासून अठराव्यापर्यंत चाला. मैदान साधारण साडेसहा हजार यार्डांचं, पण दोरीबाहेरचे वळसे धरून तुमची चाल नऊ-दहा किलोमीटरची होते आणि वेळ पाच तासांचा. नवे बूट घालून येऊ नका.

चालायचंही एक तंत्र आहे. नवखा माणूस टीजवळ, म्हणजे होल सुरू होतं तिथे, उभा राहतो, ड्राइव्ह म्हणजे पहिला लांब फटका बघतो आणि चेंडूमागे निघतो. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, पोचेपर्यंत पटिंग संपलेलं असतं. तुम्ही एक पाऊल पुढे राहा. गट टीवर असताना तुम्ही चेंडू पडतो त्या अंतरावर असा, साधारण अडीचशे यार्डांवर. त्या दुसरा फटका मारायच्या तयारीला लागल्या की ग्रीनकडे निघा. ग्रीनवर मात्र शेवटचा पट पडेपर्यंत हलू नका. तुमच्या खेळाडूचा पट झाला असेल तरीही. बाकी दोघींचा खेळ अजून चालू असतो आणि त्यांनाही आया-बाप आहेत.

बघायचं काय? चेंडू बघू नका, तो दिसत नाहीच. लय बघा. एलपीजीएवरच्या खेळाडूचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, ताशी साधारण दीडशे किलोमीटरने फिरतो. क्लबमध्ये रविवारी खेळणारे पुरुषही साधारण तेवढाच फिरवतात, आणि तरी यांचा चेंडू कितीतरी पुढे आणि सरळ जातो. पुरुषांच्या टूरवरची ताकद बघून हौशी खेळाडू फक्त थक्क होतो. इथे बघून शिकता येतं. एकीचा बॅकस्विंग कसा सावकाश वर जातो, वर किंचित थांबतो की नाही, फटक्यानंतर ती तोल सावरून किती वेळ उभी राहते, एवढंच अठरा होल बघत राहा. माझे पाच फटके कमी झाले ते असल्या एका गुरुवारमुळे.

गप्प राहण्याबद्दल सगळेच सांगतात, पण गप्प म्हणजे किती ते कोणी सांगत नाही. मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. फोन बंद होता, तोंड बंद होतं, मी खांबासारखी उभी होते. थंडी वाजली म्हणून रेनकोटच्या खिशात हात घालायला गेले आणि खिशाचा वेल्क्रो उघडला. खर्रर्र! दहा पावलांवर एक खेळाडू पटवर वाकलेली. ती सरळ झाली, मागे सरली, पुन्हा रेषा बघायला बसली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या कॅडीने पाहिलं. तो पट तिने घातला म्हणून मी हे आज लिहू शकतेय. तेव्हा वेल्क्रोचे कपडे नकोत, चुरचुरणारी पिशवी नको, छत्री चालता चालता उघडा-मिटा. खेळाडू चेंडूशी उभी राहिली की तुम्ही जिथे असाल तिथे थांबा, एक पाय उचललेला असला तर तो टेकवून.

"फोर!" म्हणजे चेंडू माणसांकडे येतोय असा इशारा. तो ऐकू आला तर वर बघू नका. डोकं हातांनी झाका आणि वाका. चेंडू तुम्हाला लागलाच तर जिथे थांबेल तिथून ती खेळते, तुमच्यामुळे तिला दंड होत नाही. पायाशी आलेला चेंडू मात्र उचलू नका. आठवण म्हणून खिशात तर मुळीच नाही. मी असा माणूस पाहिला आहे.

सही हवी असेल तर फेरी संपल्यावर. फेरीआधी सरावाला जाताना बऱ्याच जणी थांबतात, पण थांबणं हा त्यांचा हक्क आहे, तुमचा नाही. कॅप किंवा झेंडा आणि जाड मार्कर हातात तयार ठेवा, टोपण आधीच काढून. लहान मुली पुढे असतील तर मागे सरा. अठराव्यावर डबल बोगी (ठरल्यापेक्षा दोन फटके जास्त) करून आलेली खेळाडूही सात-आठ वर्षांच्या मुलीसाठी थांबते आणि तिच्याशी दोन वाक्यं बोलते, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

भाचीने विचारलं, तिथे ओळखी कशा होतात? मी सांगितलं, तिसऱ्या होलपर्यंत होतात. अप्रसिद्ध गटामागे पाच-दहाच माणसं असतात आणि त्यातली बहुतेक घरची. आई, भाऊ, एखादी शाळेपासूनची मैत्रीण, जुना कोच. आपल्या गोल्फपटू आदिती अशोकचं उदाहरण आठवा: २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिचे वडील कॅडी होते, टोकियोत आई. तिथे ती चौथी आली, कांस्यपदक मिळवणारी न्यूझीलंडची लिडिया को हिच्यापेक्षा एकाच फटक्याने मागे. टोकियोत प्रेक्षकांना बंदी होती, म्हणजे तो फटका प्रत्यक्ष बघायला गॅलरी नव्हतीच. पण त्या सकाळी टीव्हीपुढे बसलेल्या कितीतरी जणांनी बोगी (ठरल्यापेक्षा एक फटका जास्त) आणि बर्डी (एक कमी) यांतला फरक इंटरनेटवर शोधत शोधत ते होल पाहिले.

त्या पाच-दहा जणांत मिसळायचं तर पहिल्या चांगल्या फटक्याला टाळी वाजवा, कोणाचाही असो. पुढे कोणीतरी विचारतंच, "तुम्ही कोणाबरोबर?" गटापुढे स्कोअरचा फलक घेऊन चालणारी मुलं बहुधा शाळा-कॉलेजातली असतात. उन्हात त्या फलकाचा भार त्यांच्या खांद्यांवर कसा येतो बघा. आकडा बदलताना त्यांचा चेहरा खेळाडूपेक्षा जास्त बोलतो.

एक-दोनदा प्रेक्षक म्हणून गेलात की स्वयंसेवक व्हा. अर्ज काही महिने आधी भरावा लागतो आणि गणवेशाचे पैसे बऱ्याच ठिकाणी स्वतःच द्यावे लागतात, हे आधीच सांगते, नाहीतर मागाहून मला बोल लावाल. दोरी धरणारे मार्शल हवे असतात, फलकवाले हवे असतात, पण मला आवडतं ते चेंडू शोधण्याचं काम. रफच्या, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या उंच गवताच्या, कडेला हातात छोटी झेंडी घेऊन उभं राहायचं. टीवरून आवाज येतो, मग काहीच नाही, आणि मग गवतात ठप् असा मऊ आवाज. त्या जागेवरची नजर न काढता सरळ चालत जायचं. वाटेत कोणी हाक मारली तरी मान वळवायची नाही, कारण वळवलीत की गवताच्या सगळ्या काड्या सारख्याच. चेंडू सापडला की शेजारी झेंडी खोचून दूर व्हायचं. नियमाप्रमाणे शोधायला तीनच मिनिटं मिळतात, तेव्हा ती झेंडी म्हणजे एखादीचे दोन फटके वाचलेले असतात. येता येता ती नुसती मान हलवते. पुरे होतं.

जाणं जमणार नसेल तर चार घरच्यांना जमवा, पण नुसतं बघत बसू नका, कंटाळतील. चिठ्ठ्या टाका. प्रत्येकाला तीन खेळाडू: एक पहिल्या दहांतली, एक मधली, एक पात्रता फेरीतून आलेली. तिसरीच्या कटवरून शुक्रवारी रात्री जी आरडाओरड होते ती रविवारी विजेतीसाठीसुद्धा होत नाही. सोबत एखादी जुनी गोष्ट सांगायला ठेवा. माझी ठरलेली गोष्ट १९९८ च्या यूएस विमेन्स ओपनची. दक्षिण कोरियाची से री पाक प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, चेंडू पाण्याच्या काठाला, आणि ती बूट-मोजे काढून पाण्यात उतरते. पोटऱ्या उन्हाने रापलेल्या आणि पावलं पांढरीशुभ्र. ती जिंकली. ते बघून कोरियातल्या मुलींची एक अख्खी पिढी गोल्फकडे वळली. इन्बी पार्क त्यातलीच. तिने पुढे सात मेजर जिंकल्या.

रविवारी संध्याकाळी खुशाल स्टँडमध्ये बसा. २०२४ मध्ये सेंट अँड्र्यूजला मी बसले होते. लिडिया कोने अठराव्यावर बर्डी केली तेव्हा मागचे गट अजून मैदानात होते. त्यामुळे ओरडावं की थांबावं हे आमच्या रांगेत कोणालाच कळेना.

पण मला जास्त आठवतो तो दुसऱ्या एका स्पर्धेतला शुक्रवार. माझी खेळाडू यादीत फार खालची. तिचे वडील निळी टोपी घालून माझ्याबरोबर चालत. लेक पटवर वाकली की ते पाठ फिरवत. मोठ्या गटामागे चालणाऱ्या बापाला गर्दीच्या आवाजावरून कळतं, चेंडू गेला की राहिला. आमच्यामागे पाच माणसं, आवाज कुठला? म्हणून ते दर वेळी वळून माझा चेहरा बघत. दोन दिवस मी त्यांचा लीडरबोर्ड होते. अठराव्यावर कट गाठायला पाच फुटांचा पट हवा होता. चेंडू कडेला लागून फिरला आणि बाहेर राहिला. ते वळले. मला चेहरा सावरता आला नाही.

पार्किंगमध्ये त्यांनी बॅग गाडीत ठेवली आणि दोन बोटं चालवत हाताने विचारलं, पुढच्या आठवड्यात? मी मान हलवली. मंगळवारी यादी लागली तेव्हा आधी तिचं नाव शोधलं. सकाळी ७.४०, दहाव्या टीवरून.