एकच वीज, एकच रीसेट, अनेक चिप: डिव्हाइस ट्रीमध्ये सामाईक लाइन कशी लिहावी

सामाईक विहिरीवरची मोटर आपली पाळी संपली म्हणून एकाने बंद केली, तर दुसऱ्याचं रान अर्धवट भिजून राहतं. एकाच विजेवर किंवा एकाच रीसेट तारेवर चार चिप लटकवल्या की बोर्डवरही हेच होतं. मोटर कोणाच्या मालकीची आणि तिच्यावर किती जण अवलंबून आहेत, हे लिनक्स कर्नलला डिव्हाइस ट्रीतूनच, म्हणजे बोर्डवर काय कशाला जोडलंय ते सांगणाऱ्या फाइलमधूनच कळतं. तिथे चुकीचं लिहिलं तर बोर्ड टेबलावर चालतो आणि शेडमध्ये गेल्यावर बंद पडतो.

उदाहरणासाठी तासगावच्या बेदाणा शेडमधली पेटी घेऊ. दोन रॅक, प्रत्येक रॅकवर वरपासून खालपर्यंत सहा, असे उष्णता-आर्द्रतेचे १२ बीएमई२८० सेन्सर. या सेन्सरला आयटूसी बसवर (अनेक चिप जोडणाऱ्या सामाईक डेटा तारांवर) हेक्स ७६ आणि ७७ असे दोनच पत्ते मिळतात. म्हणून रॅकमागे एक, असे दोन पीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर (बसला हव्या त्या शाखेशी, म्हणजे चॅनेलशी जोडणाऱ्या चिप), हेक्स ७० आणि ७१ या पत्त्यांवर. एका चॅनेलवर दोन सेन्सर बसले असते, पण एकेकच ठेवा. एखाद्या थरावरच्या डेटा तारा शॉर्ट झाल्या तरी तो चॅनेल न निवडता बाकीचे थर वाचता येतात. दोन्ही मल्टिप्लेक्सर आणि सगळे सेन्सर एका लोड स्विचमागच्या (वीज चालू-बंद करणाऱ्या चिपमागच्या) ३.३ व्होल्टवर आहेत, आणि दोन्ही मल्टिप्लेक्सरच्या रीसेट पिना प्रोसेसरच्या एकाच जीपीआयओला (सॉफ्टवेअरने वर-खाली करता येणाऱ्या पिनेला) जोडल्या आहेत.

खाली आलेली प्रॉपर्टींची नावं फाइलमध्ये रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि मधल्या आडव्या रेघांसह लिहायची असतात.

पायरी १: आधी कागद

सर्किटचा नकाशा पुढ्यात घ्या आणि प्रत्येक वीजवाहिनीखाली व प्रत्येक रीसेट तारेखाली तिच्यावरच्या चिपांची यादी करा. मग बोर्डची वीज काढून मल्टिमीटरच्या बझरवर ती यादी पडताळा. नकाशा आणि प्रत्यक्ष बोर्ड यांत फरक निघणं अजिबात दुर्मिळ नाही.

याच वेळी पुल-अप रेझिस्टर (डेटा तारा वर ओढून ठेवणारे) कुठल्या वाहिनीवर आहेत ते पाहा. सेन्सरच्या बाजूचे पुल-अप कायम चालू असलेल्या ३.३ व्होल्टला जोडलेले असतील, तर लोड स्विच बंद केल्यावरही त्या तारांवर दाब राहतो आणि चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून करंट आत शिरतो. बीएमई२८०च्या डेटाशीटमध्ये स्पष्ट ताकीद आहे: व्हीडीडीआयओ (इंटरफेसची वीज) बंद असताना इंटरफेसची पिन वर धरली तर चिप कायमची खराब होऊ शकते. हा दोष डिव्हाइस ट्रीतून दुरुस्त होत नाही; रेझिस्टर स्विचमागच्या वाहिनीवरच हलवावे लागतात.

पायरी २: विजेचा एकच नोड

लोड स्विचसाठी ‘रेग्युलेटर-फिक्स्ड’ प्रकारचा एक नोड (डिव्हाइस ट्रीमधली एका भागाची नोंद) लिहा. त्यात नाव, किमान आणि कमाल दोन्ही ठिकाणी ३३००००० (एकक मायक्रोव्होल्ट), स्विच चालू करणारा जीपीआयओ आणि ‘विन-सप्लाय’मध्ये मागची वाहिनी.

इथे एक खाच आहे. या नोडमध्ये जीपीआयओपुढे लिहिलेला अ‍ॅक्टिव्ह हाय किंवा लो हा शब्द निर्णायक नसतो. पिन वर गेल्यावर स्विच चालू होत असेल तर ‘एनेबल-अ‍ॅक्टिव्ह-हाय’ ही प्रॉपर्टी वेगळी लिहावी लागते. ती नसेल तर कर्नल पिन उलटी धरतो, आणि वीज नको तेव्हा चालू व हवी तेव्हा बंद होते.

वेळा मायक्रोसेकंदात द्या. वाहिनी ३.३ व्होल्टवर स्थिर व्हायला लागणारा वेळ ऑसिलोस्कोपवर मोजून ‘स्टार्टअप-डिले-यूएस’मध्ये थोड्या वाढीव मापाने लिहा. बीएमई२८०ला स्वतःला सुरू व्हायला २ मिलिसेकंद लागतात, पण तेवढं त्याचा ड्रायव्हर (कर्नलमधला ती चिप चालवणारा भाग) थांबतो. ते इथे मिळवू नका. ‘ऑफ-ऑन-डिले-यूएस’ मात्र लोक विसरतात. वाहिनीवर १०० मायक्रोफॅराड कपॅसिटर आणि रिकामं करायला १ किलोओहम रेझिस्टर असेल, तर कालस्थिरांक ०.१ सेकंद. पूर्ण उतरायला त्याच्या पाचपट, म्हणजे अर्धा सेकंद धरा आणि ५००००० लिहा. त्याआधी वीज परत दिली तर चिप धड बंदही झालेली नसते आणि नव्याने सुरूही होत नाही.

पायरी ३: वापरणाऱ्यांची नोंद

आता दोन्ही मल्टिप्लेक्सरच्या नोडमध्ये ‘व्हीडीडी-सप्लाय’ आणि बाराही सेन्सरमध्ये ‘व्हीडीडीए-सप्लाय’ व ‘व्हीडीडीडी-सप्लाय’ लिहून त्याच एका रेग्युलेटरकडे, म्हणजे पायरी २ मधल्या नोडकडे बोट दाखवा. कंटाळून दहावर थांबू नका. कर्नल वापरणाऱ्यांची संख्या मोजतो. प्रत्येक ड्रायव्हर चालू करताना एक वाढतो, बंद करताना एक कमी होतो, आणि शेवटचा उठला की मगच स्विच पडतो.

नोंद नसलेल्या सेन्सरला कर्नल डमी (नावापुरता) रेग्युलेटर देतो आणि बूट लॉगमध्ये तशी ओळ छापतो. ती ओळ दिसली की थांबा. सेन्सर चालतोय, पण दुसऱ्याच्या पाळीच्या पाण्यावर. कोणाचीच नोंद नसेल तर प्रकरण आणखी फसवं होतं: बूटनंतर साधारण ३० सेकंदांनी कर्नल विनावापर रेग्युलेटर बंद करतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळे आकडे येतात आणि मग एकदम शुकशुकाट. यावर बरेच जण ‘रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन’ लिहून मोकळे होतात. खरोखर कधीच बंद न करायच्या वाहिनीला ते योग्य आहे. विसरलेली नोंद झाकायला ते वापरू नये.

मल्टिप्लेक्सरचा ड्रायव्हर वीज सुरुवातीपासून धरून ठेवतो. त्यामुळे सगळे सेन्सर झोपले तरी या पेटीत ३.३ व्होल्ट चालूच राहतील.

पायरी ४: रीसेट

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, कारण रीसेट तारेसाठी अशी मोजणी बरीच वर्षं आपोआप होत नव्हती. दोन्ही मल्टिप्लेक्सरच्या नोडमध्ये एकच ‘रीसेट-जीपीआयओज’ लिहिलं की पहिला ड्रायव्हर पिन ताब्यात घेतो आणि दुसऱ्याला उणे १६, म्हणजे ‘पिन व्यस्त आहे’, ही चूक मिळते. सहा सेन्सर दिसतात, सहा गायब.

मग सुचणारा उपाय म्हणजे एकाच नोडमध्ये रीसेट लिहायचा आणि दुसऱ्यातून काढायचा. तो करू नका. दुसरा मल्टिप्लेक्सर आधी सुरू झाला, त्याने चॅनेल निवडला, आणि नंतर पहिल्याच्या ड्रायव्हरने रीसेट ओढला असं समजा. दुसऱ्या चिपमधले सगळे चॅनेल सुटतात, पण त्याच्या ड्रायव्हरच्या लेखी शेवटचा चॅनेल अजून जोडलेलाच असतो. त्याच चॅनेलवरच्या सेन्सरशी पुन्हा बोलायचं असेल तर तो चॅनेल नव्याने लिहीत नाही, आणि उणे ६ किंवा उणे १२१ अशा चुका येतात. सुरू होण्याचा क्रम दर वेळी सारखा असेलच असं नाही, म्हणून हा दोष कधी दिसतो, कधी नाही.

लिनक्स ६.९ (२०२४) पासून याला नीट वाट आहे. ड्रायव्हर रीसेट कंट्रोलर व्यवस्थेतून सामाईक पद्धतीने रीसेट मागत असेल, तर अनेक नोडमधला तोच ‘रीसेट-जीपीआयओज’ कर्नल एका आभासी कंट्रोलरखाली आणतो आणि मोजणी ठेवतो. त्यासाठी तीन गोष्टी बघा. कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘रीसेट जीपीआयओ’ चालू हवा. दोन्ही नोडमध्ये पिन आणि ध्रुवता अक्षरशः सारखी हवी. इथे पिन खाली गेल्यावर रीसेट होतो, म्हणून दोन्हीकडे अ‍ॅक्टिव्ह लो. आणि ड्रायव्हरची सोर्स फाइल उघडून त्यात ‘रीसेट कंट्रोल गेट ऑप्शनल शेअर्ड’ हे फंक्शन आहे का ते शोधा. पीसीए९५४८एच्या ड्रायव्हरमध्ये ही सोय नंतर आली, त्यामुळे केवळ कर्नलचा आकडा पाहून भागत नाही.

जुनाच कर्नल ठेवायचा असेल तर दोन्ही नोडमधून रीसेट काढून ती पिन ‘जीपीआयओ-हॉग’ने कायम वर, म्हणजे रीसेट न होणाऱ्या स्थितीत धरा. बस अडकली तर मग वीज तोडणं हाच मार्ग उरतो. सामाईक पद्धतीतही एकट्या चिपला रीसेट देता येत नाही. तार खाली जायला दोन्ही ड्रायव्हरनी तिच्यावरचा हक्क सोडलेला असावा लागतो. बोर्डची पुढची आवृत्ती करताना पिना शिल्लक असतील तर प्रत्येकाला वेगळी रीसेट तार द्या.

इथरनेटच्या दोन फाय चिप (नेटवर्क केबलशी जोडणाऱ्या) एका रीसेटवर असतील तर गोष्ट सोपी आहे: ‘रीसेट-जीपीआयओज’ फायच्या नोडमध्ये न लिहिता वरच्या एमडीआयओ बसच्या (फाय चिपना सूचना देणाऱ्या तारांच्या) नोडमध्ये एकदाच लिहा.

पायरी ५: तपासणी

फाइल ‘डीटीबीएस_चेक’ या डिव्हाइस ट्री तपासणाऱ्या आज्ञेमधून काढा, बोर्ड बूट करा आणि किमान दोन मिनिटं थांबा. मग कर्नलच्या डीबग फोल्डरमधली ‘रेग्युलेटर_समरी’ वाचा. आपल्या वाहिनीखाली दोन मल्टिप्लेक्सर आणि बारा सेन्सर दिसायला हवेत. सेन्सरच्या दोन-दोन नोंदी असतात, म्हणून एकूण २६. कमी भरल्या तर कुठलीतरी सप्लायची ओळ राहिली आहे, नाहीतर एखादा ड्रायव्हर सुरूच झालेला नाही. तिथलीच ‘डिव्हायसेस_डेफर्ड’ फाइल रिकामी हवी. तिच्यात नाव असेल तर तो ड्रायव्हर अजून रेग्युलेटरची किंवा रीसेटची वाट पाहतोय.

शेवटी एका सेन्सरचा ड्रायव्हर मुद्दाम अनबाइंड करा, म्हणजे चिपपासून सोडवा. बाकी अकरांचे आकडे चालू राहिले आणि यादी २६ वरून २४ वर आली, की पेटी शेडमध्ये न्या.