भाकरी सोडली, चटणी राहिली: वजन उतरवताना या चुका टाळा

वजन कमी करायचं ठरलं की सोलापुरात पहिली कुऱ्हाड भाकरीवर पडते. मीही तेच केलं. जेवणातली भाकरी बंद, रात्री फक्त ताक, सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू. पहिल्याच आठवड्यात काटा अडीच किलो खाली आला आणि मी भेटेल त्याला सांगत सुटलो. तिसऱ्या आठवड्यात काटा जागचा हलेना. त्यात पार्क चौकात मित्र भेटला, म्हणाला, "काय बे, आजारी होता का?"

ते अडीच किलो चरबीचे नव्हतेच. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा (शरीराने राखून ठेवलेल्या साखरेचा) साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी असतं. खाणं एकदम तोडलं की आधी हे जातं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा सुरक्षित वेग, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने अर्ध्या किलोवरच समाधान मानावं. त्यासाठी रोज साधारण 550 कॅलरींची तूट लागते.

ती कुठून काढायची, हे शोधताना माझी चोरी सापडली. संध्याकाळी भूक लागली की मी कडक भाकरी मोडायचो, "ही तर हलकी" म्हणत. हलकी लागते, कारण तिच्यातलं पाणी उडालेलं असतं. पीठ तेवढंच! सोबत शेंगा चटणी, मध्ये बोटाने खळगा करून त्यात तेल. एक दिवस बायकोने ती वाटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. चटणी 40 ग्रॅम, म्हणजे दोनशेच्या आसपास कॅलरी. वरचं मोठा चमचाभर तेल आणखी 120. पन्नास ग्रॅम पिठाच्या जवळजवळ दोन भाकऱ्या झाल्या, त्याही खाल्लेली कडक भाकरी न धरता. चटणी सोडायची गरज नाही (सोलापुरात राहून कोण सोडणार?). लहान चमचाभर घ्यायची, वर तेलाऐवजी दही. आणि जेवणात भाकरी परत आणायची, सोबत मटकीची उसळ किंवा घट्ट वरण.

उसळीचा आग्रह उगाच नाही. पोटाला प्रथिनं कमी आणि अंगाला व्यायाम नाही, असं असलं की चरबीबरोबर स्नायूही झडतात. घाईने वजन उतरवलं तर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. आठवड्यातून दोनदा तरी उठाबशा, जोर असं काहीतरी हवं. नुसतं चालून भागत नाही.

चालण्यावरून आठवलं. कंबर तलावाकडे (नावातच काय ते आलं) भर मे महिन्यात जाड जॅकेट घालून पळणारे दिसतात. घामाने पाणी जातं, चरबी नाही. दोन तांबे पाणी प्यायलं की काटा पुन्हा पूर्वपदावर, आणि आपल्याकडच्या उन्हात चक्कर येऊन पडायची भीती वेगळीच. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत काय ते उरका.

उपवासाचं तर विचारूच नका. साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, तूप: रोजच्या जेवणापेक्षा जड.

काटा दोन-तीन आठवडे अडला तर लगेच आणखी खाणं तोडू नका. वजन रोज न बघता आठवड्यातून एकाच वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर बघा आणि कंबरेला टेप लावा. माझी कंबर दोन इंच उतरली तेव्हा काटा जेमतेम एक किलो हलला होता. भारतीय पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या पुढे कंबर गेली की धोका धरतात.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण डोस तोच ठेवून खाणं घटवलं की साखर एकदम उतरू शकते. आणि काहीच न करता वजन घटत असेल तर खूश होऊ नका, तपासून घ्या.