फोर्क झाल्यावर थ्रेडचे काय होते, हे कसे तपासावे

बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या अभ्यासवर्गाला येणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना फोर्क (चालू प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, प्रत काढणे) माहीत असतो आणि थ्रेडही (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारे कामाचे धागे) माहीत असतात; दोन्ही एकाच प्रोग्राममध्ये आले की काय घडते, हे मात्र स्वतः करून पाहिल्याशिवाय पटत नाही. त्यासाठी लिनक्सचा संगणक आणि सीचा कंपायलर पुरेसा आहे.

प्रथम मुख्य थ्रेडमधून आणखी तीन थ्रेड सुरू करून त्यांना झोपवून ठेवावे आणि मग फोर्क करावा. दोन्ही प्रोसेस थांबलेल्या असताना दुसऱ्या टर्मिनलवरून ‘प्रोक’ डिरेक्टरीतील त्यांच्या स्टेटस फाइलमधली ‘थ्रेड्स’ ही ओळ वाचावी. मूळ प्रोसेसमध्ये ४ आणि चाइल्डमध्ये, म्हणजे फोर्कने झालेल्या प्रतीत, १ असा आकडा दिसेल, कारण पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकानुसार फोर्क करणारा थ्रेड तेवढाच चाइल्डमध्ये उतरतो.

मेमरी मात्र जशीच्या तशी उतरते, आणि तिच्यासोबत म्युटेक्सची (एका वेळी एकाच थ्रेडला धरता येणाऱ्या कुलपाची) अवस्थाही. खरा धोका येथे आहे. तो पाहण्यासाठी एका थ्रेडने साधा म्युटेक्स लॉक करून धरून ठेवावा आणि त्याने सेमाफोरने (थ्रेडना एकमेकांची वाट पाहायला लावणाऱ्या साधनाने) खूण केल्यावरच मुख्य थ्रेडने फोर्क करावा. खुणेऐवजी स्लीपवर विसंबलेली चाचणी संगणकावरील ताणानुसार कधी यशस्वी ठरते, कधी ठरत नाही, आणि अशी चाचणी नसलेली बरी. चाइल्डने आधी ५ सेकंदांचा अलार्म (वेळ संपल्यावर प्रोसेसला सिग्नल पाठवणारा टायमर) लावून मग तोच म्युटेक्स मागावा. अलार्म फोर्कच्या आधी लावून उपयोग नाही, कारण तो चाइल्डकडे जात नाही. म्युटेक्स सोडणारा थ्रेडच तेथे नसल्यामुळे चाइल्ड अडकून पडते आणि अलार्मने मरते; मूळ प्रोसेसला वेटपिडमधून (चाइल्ड कसे संपले ते सांगणाऱ्या कॉलमधून) अलार्मचा सिग्नल क्रमांक १४ मिळाला, की डेडलॉक, म्हणजे कधीच न सुटणारी अडकण, दिसला असे समजावे.

आता ‘पीथ्रेड अ‍ॅटफोर्क’ वापरून फोर्कपूर्वी म्युटेक्स लॉक करणारे आणि नंतर दोन्हीकडे तो सोडणारे हँडलर (फोर्कच्या वेळी आपोआप चालणारी फंक्शन) नोंदवावेत व चाचणी पुन्हा चालवावी. या वेळी म्युटेक्स धरून ठेवणाऱ्या थ्रेडने दोन सेकंदांनी म्युटेक्स सोडलाच पाहिजे, नाहीतर फोर्कच अडकेल. चाइल्ड यश दाखवणारा शून्य कोड देऊन संपले, तर हँडलर बरोबर आहेत.

आपल्या म्युटेक्ससाठी हा उपाय चालतो. दुसऱ्याच्या लायब्ररीतील लॉक आपल्या हाती नसतात. म्हणून थ्रेड असलेल्या प्रोग्राममध्ये फोर्कनंतर शक्य तितक्या लवकर एक्झेक करावे (म्हणजे त्या प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम चढवावा) आणि तोवर सिग्नल हँडलरमध्ये सुरक्षित ठरवलेलीच फंक्शन वापरावीत. मेमरी मागणारे मॅलॉक आणि मजकूर छापणारे प्रिंटएफ त्या यादीत नाहीत. पायथनमध्ये अनेक थ्रेड चालू असताना फोर्क केल्यास ३.१२ आवृत्तीपासून डेप्रिकेशनचा (ही पद्धत पुढे वापरू नये असा) इशारा येतो; तो बंद न करता फोर्कची ती जागा शोधावी.