स्टेज रेसला उतरताय? उद्याची सकाळ धरून सायकल चालवा

एका दिवसाच्या शर्यतीत फिनिश लाइनवर पाय रिकामे झाले तरी बिघडत नाही. स्टेज रेसमध्ये, म्हणजे रोज एक टप्पा (स्टेज) अशा काही दिवसांच्या शर्यतीत, दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून त्याच पायांनी परत स्टार्टला उभं राहायचं असतं. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर काम करतो. तिथं एका जॉबसाठी टूल जाळून चालत नाही, अख्खा लॉट काढायचा असतो. स्टेज रेसचा हिशेब तसाच आहे. पुढचं सगळं नोकरी-धंदा सांभाळून सायकल मारणाऱ्या, पहिल्यांदाच तीन-चार दिवसांच्या शर्यतीत नाव घालायच्या विचारात असलेल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या मंडळींसाठी.

आधी गणित समजून घ्या

सगळ्या स्टेजच्या वेळांची बेरीज म्हणजे जनरल क्लासिफिकेशन, आपण जीसी म्हणतो ते. सपाट स्टेजला साठ जण एकत्र आले तर साधारणपणे साठही जणांना एकच वेळ मिळते. त्यामुळे विसावे आलात की पन्नासावे, जीसीत फरक पडत नाही. फरक पडतो तो गटात फट पडली की. तुमच्या पुढचा स्वार सुटला, मध्ये अंतर राहिलं, तर मागच्यांचं घड्याळ वेगळं. म्हणून शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये स्प्रिंट मारायची नसली तरी पुढच्याचं चाक सोडायचं नाही.

सेकंदांना हसू नका. 1989 च्या तूर द फ्रान्समध्ये तीन हजार दोनशेहून जास्त किलोमीटर झाल्यावर ग्रेग लेमाँड अवघ्या 8 सेकंदांनी जिंकला, तेही शेवटच्या दिवसाच्या टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध चालवायची स्टेज).

आयोजक जे माहितीपत्रक पाठवतात ते फोनवर नुसतं सरकवू नका, बसून वाचा. त्यात चार गोष्टी शोधायच्या. फिनिशला बोनस सेकंद आहेत का? मोठ्या शर्यतींत पहिल्या तिघांना 10, 6 आणि 4 सेकंद देतात. सपाट स्टेजच्या शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये पडलात किंवा पंक्चर झालं तर गटाचीच वेळ मिळते का? पाण्याच्या बाटल्या कुठं घ्यायच्या? आणि टाइम कट, म्हणजे विजेत्यानंतर किती वेळात पोचलं नाही तर बाद, तो किती? विजेत्याला तीन तास लागले आणि कट पंधरा टक्के असेल तर तुमच्याकडे वर 27 मिनिटं आहेत. हा आकडा घाटाच्या दिवशी हँडलबारवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहून ठेवण्याच्या लायकीचा आहे.

आपले रस्ते, आपला सराव

बेळगाव पठाराच्या काठावर, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. त्यामुळे चोर्ला, अनमोड, आंबोली, कुठलाही घाट घ्या, आपल्याला तो आधी उतरावा लागतो आणि चढ येतो परतताना, पाय थकल्यावर. पूर्वी मला याचा वैताग यायचा. पण शर्यतीतला घाटही बहुतेक वेळा स्टेजच्या शेवटीच ठेवलेला असतो, तेव्हा यापेक्षा चांगली तालीम दुसरी नाही.

स्टेज रेसचा सराव म्हणजे लागोपाठचे दिवस. एका रविवारी दोनशे किलोमीटर मारण्यापेक्षा शुक्रवार-शनिवार-रविवार सलग चालवलेलं जास्त कामाला येतं. शुक्रवारी सांबऱ्याच्या बाजूनं पूर्वेला निघा. उघडा मुलूख, झाडं कमी, आणि हिवाळ्यात वारा पूर्वेकडून समोर. चार-पाच जण असाल तर आळीपाळीनं पुढं या, दोन तास बास. शनिवारी वीस मिनिटांची एकट्याची टाइम ट्रायल, ताकद लावून, आणि मग दिवसभर आराम. रविवारी जांबोटी, कणकुंबी, चोर्ला उतरून पायथ्याला जायचं आणि परत. सव्वाशे किलोमीटरच्या वर पडतं. खरी परीक्षा कणकुंबीच्या पुढं नाही, परतताना जांबोटीनंतर आहे. घाट संपलाय, भूक लागलीय, रस्ता वरखाली होतोय आणि घर काही येत नाही. तिथं पाय फिरत राहिले तर तुमची तयारी झाली असं समजा. असे सलग तीन दिवस शर्यतीच्या आधी महिना-दीड महिन्यात दोन वेळा करा. शेवटचे दहा दिवस अंतर निम्म्यावर आणा. दिवसाआड पाच-पाच मिनिटांचे दोन-तीन जोरकस तुकडे तेवढे ठेवा, नाहीतर पाय झोपतात.

जुलै-ऑगस्टमध्ये चोर्ला आणि आंबोली उतरायच्या भानगडीत पडू नका. धुक्यात समोरचा ट्रक दिसत नाही आणि रस्त्यावर शेवाळ, माती काय काय असतं. तेव्हा येळ्ळूरचा राजहंसगड आहे की! छोटा पण खडा चढ. पाच-सहा वेळा वरखाली केलं की घाटाची हौस फिटते. आणि उसाच्या हंगामात निपाणी-संकेश्वर-चिकोडीकडं अंधारात फिरू नका. डबल ट्रॉलीच्या ट्रॅक्टरला मागं दिवा असेलच असं नाही, आणि रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांडक्यावरून पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही.

नाइट शिफ्टवाल्यांसाठी एकच: शर्यतीच्या आधीचा आठवडा पहिली पाळी मागून घ्या. सुपरवायझरला महिनाभर आधी सांगा. झोपेची भरपाई कुठल्याही पावडरीनं होत नाही.

सायकल

याबाबतीत मी जरा खडूस आहे. चेन झिजलीय का हे डोळ्यांनी बघून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. स्टीलची पट्टी घ्या, पिनच्या मध्यापासून चोविसाव्या कडीनंतरच्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा. नवी चेन 304.8 मिलिमीटर भरते. 306.3 झाली की अर्धा टक्का ताणली, बदला. पण शर्यतीच्या आदल्या दिवशी बदलू नका, दोन आठवडे आधी बदलून त्यावर चालवा. स्टेम (हँडलबार धरणारा भाग) आणि सीटपोस्टवर (सीटच्या दांड्यावर) किती न्यूटन-मीटर लिहिलंय ते बघून टॉर्क पान्यानंच आवळा. कार्बन असेल तर ‘हाताच्या अंदाजानं’ हा शब्द विसरा.

सोबत एक सुटा भाग नक्की न्या: डिरेलर हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा. सायकल नुसती उजव्या कुशीवर पडली तरी तो वाकतो. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, परगावी दुकानात मिळेलच असं नाही. बाकी दोन ट्यूब, एक टायर, ब्रेक पॅड, चेनचा क्विक लिंक, क्लीटचे (बुटाच्या तळाला लावलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याचे) स्क्रू. घाट असेल तर पुढं 50-34 आणि मागं 11-34 दातांची चक्रं लावायला लाजू नका; मागचं चक्र जितकं मोठं तितका चढ हलका. निलगिरीतला मसिनगुडीहून उटीला चढणारा कल्हट्टी घाट, छत्तीस हेअरपिनचा, 2008 पासून चालणाऱ्या टूर ऑफ निलगिरीजमध्ये भल्याभल्यांना पायी चालायला लावतो. तिथं मागं 34 दातांचं चक्र लावणं कुणाला कमीपणाचं वाटत नाही.

बंचमध्ये

पुढच्याच्या आडोशाला चालवलं की ताकद साधारण एक तृतीयांश वाचते. हीच तुमची बचत, उद्यासाठीची. गटाच्या पुढच्या एक तृतीयांश भागात राहा. अगदी पुढं गेलात तर वारा खाल. अगदी मागं राहिलात तर प्रत्येक वळणानंतर गट ताणला जातो आणि तुम्हाला फट भरायला स्प्रिंट मारावी लागते. शंभर छोट्या स्प्रिंट म्हणजे दुसऱ्या दिवशीचे पाय गेले.

पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक अडकवू नका. तो जरा हलला की तुम्ही पडता, तो नाही. मध्येच ब्रेक दाबू नका. खड्डा दिसला की हात करा आणि ओरडा. कर्नाटकातल्या शर्यतीत कानावर कन्नडच जास्त येणार, ‘एडक्के’ म्हणजे डावीकडे, ‘बलक्के’ उजवीकडे, ‘गुंडी’ म्हणजे खड्डा. आपल्यापैकी बहुतेकांना येतंच. पुण्या-कोल्हापूरकडून कुणी सोबत आला असेल तर त्याला आदल्या रात्री शिकवून ठेवा. विजापूर-बागलकोटची पोरं गटात असली तर त्यांच्या मागं बसा. सरळ रस्त्यावर वाऱ्यात सायकल कशी मारायची हे त्यांना उपजत कळतं. वारा बाजूनं आला की ती तिरकी रांग लावतात. वारा उजवीकडून असेल तर पुढच्याच्या जरा डाव्या बाजूला सरका. रस्त्याची रुंदी संपेपर्यंतच त्या रांगेत जागा असते; जागा मिळाली नाही तर लगेच चार जणांची दुसरी रांग लावा, कडेला एकट्यानं झुंजत बसू नका.

टाइम ट्रायलच्या दिवशी पहिली दोन मिनिटं स्वतःला आवरा. रॅम्पवरून उतरताना सगळ्यांनाच आपण जगज्जेते वाटतो. अर्ध्या अंतरावर ‘हे शेवटपर्यंत टिकेल का’ अशी शंका येत असेल तर वेग बरोबर आहे. टिकेल याची खात्री वाटत असेल तर हळू जाताय.

घाटाच्या पायथ्याशी गटात पुढं या. मग चढताना सगळे ओलांडून गेले तरी वर पोचेपर्यंत तुम्ही गटाच्या शेपटाला असता, तुटलेले नसता. आणि जे तुटायचेच आहेत त्यांनी एकट्यानं कण्हत बसू नये. आपल्यासारखे दहा-बारा जण गोळा करा, आळीपाळीनं पुढं या, टाइम कटच्या आत पोचा. यात लाज कसली? मोठ्या शर्यतींतले स्प्रिंटरही डोंगरात हेच करतात.

पोट

शर्यतीत तासाला साधारण 60 ग्रॅम कर्बोदकं, पोट सवयीचं असेल तर 90 पर्यंत. एका केळ्यात पंचवीसेक ग्रॅम. जेल परवडत असेल तर घ्या, नाहीतर साखर-मीठ-लिंबाचं पाणी, राजगिऱ्याचा लाडू, गूळ. ओआरएसचं पाकीटही चालतं, पण त्यात साखर थोडी असते, ती खाण्याच्या हिशेबात धरू नका. भूक लागायची वाट बघायची नाही, दर वीस मिनिटांनी काहीतरी तोंडात. शेंगदाण्याची चिक्की चालवताना नको, पचायला वेळ घेते. आणि हो, कुंदा खिशात घालून चढू नका, उन्हात त्याचं काय होतं ते जर्सी धुणाऱ्याला विचारा. कुंदा फिनिशनंतर.

बाटली देणारा माणूस आधी तयार करा. माझा आतेभाऊ येतो. त्याला मी हिंडलग्याच्या रस्त्यावर उभा करून शिकवलं: बाटली गळ्यापाशी दोन बोटांत धरायची, हात रस्त्याकडं लांब करायचा आणि मी पकडली की हात माझ्या जाण्याच्या दिशेनं जाऊ द्यायचा. घट्ट धरून ठेवली तर दोघंही पडतात.

फिनिश झाल्यावरचे दोन तास सगळ्यात महत्त्वाचे, आणि तिथंच बहुतेक हौशी लोक फोटो काढत उन्हात उभे असतात. अर्ध्या तासात काहीतरी गोड आणि दूध किंवा ताक. तासाभरात जेवण: दहीभात, वरणभात, चपाती, बटाटा. वजनाच्या किलोमागं तासाला एक ग्रॅम कर्बोदक, असे पहिले चार तास. सत्तर किलोच्या माणसानं म्हणजे तासाला सत्तर ग्रॅम. शर्यत कोल्हापूरकडं असेल तर कुणीतरी प्रेमानं तांबडा-पांढरा वाढणारच. हात जोडा, शेवटच्या रात्रीसाठी राखून ठेवा.

अंघोळ लगेच. घामाच्या बिब शॉर्टवर (खांद्यावर पट्टे असलेली सायकलिंगची शॉर्ट) एक तासही बसू नका, फोड तिथंच उठतात. चालवताना आत अंडरवेअर घालायची नाही, शिवण घासते. किमान तीन शॉर्ट न्या. रात्री धुतलेली शॉर्ट टॉवेलमध्ये गुंडाळून वर उभं राहा, पिळण्यापेक्षा जास्त पाणी निघतं आणि सकाळी कोरडी मिळते. पाय भिंतीला लावून वीस मिनिटं पडा, फोन दुसऱ्या खोलीत. चेन पुसा, तेल घाला, टायरमध्ये काच रुतलीय का बोट फिरवून बघा. बिब नंबर जर्सीला आदल्या रात्रीच टोचून ठेवा. पहाटे साडेपाचला थंड बोटांनी सेफ्टी पिन लावायला अर्धा तास जातो आणि नाश्ता राहतो.

शेवटच्या दिवशी मात्र उद्याचा विचार सोडा. जीसीत खाली असाल तर कुणी तुमच्या मागं लागणार नाही. मधल्या चढावर अटॅक मारा, पाच किलोमीटर तरी एकटं पुढं राहून बघा.

फिनिश झाल्यावर चाकाच्या फोर्कला लावलेली टायमिंग चिप काढून परत द्या. बऱ्याच ठिकाणी तिच्या नावानं डिपॉझिट घेतलेलं असतं.