सूर्याचं प्रभामंडळ मुलांना असं समजवा

माझ्या आठवीच्या मुलांना मी हा विषय विजयदुर्ग किल्ल्यात, साहेबाच्या ओट्यांजवळ शिकवते; हे चौथरे ग्रहण बघायला बांधले होते, असं सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण याच पट्ट्यातून दिसलं होतं. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही, हे दारातच बजावा.

आधी आकडे वहीत लिहून घ्या: पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, वरचं प्रभामंडळ, म्हणजे करोना, सूर्याचं सगळ्यात बाहेरचं वातावरण, १० ते २० लाख. मग थांबा. चुलीपासून लांब गेलं की धग कमी होते, मग इथे उलट कसं? हा प्रश्न मुलांच्याच तोंडून येऊ द्या.

तापमान आणि उष्णता वेगळी ठेवा. प्रभामंडळातले कण प्रचंड वेगाने धावतात, पण ते इतकं विरळ की एकूण उष्णता थोडीच. ही ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून वर येते. खालचा खदखदता वायू चुंबकीय रेषांची मुळं सतत हलवतो. त्यातून लाटा वर जातात, शिवाय पीळ पडलेल्या रेषा तुटून नव्याने जुळताना ऊर्जा मोकळी होते. कुणाचा वाटा किती, यावर संशोधन चालू आहे. हे मुलांना सांगाच. पाठ करायच्या उत्तरापेक्षा मला ते मोलाचं वाटतं.

पुरावा विचारतील, तर लोखंडाचं सांगा. ग्रहणात प्रभामंडळाच्या वर्णपटात दिसणारी हिरवी प्रकाशरेषा कोणत्या मूलद्रव्याची, हे कोडं १९४० च्या सुमारास सुटलं: ती १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची निघाली. लाखो अंशांशिवाय इतके इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. २०२३ मध्ये गेलेल्या आदित्य-एल१ या भारतीय सौरयानावरचं उपकरण हीच रेषा टिपतं.