जुन्या लष्करी रायफलींचे मूळ भाग ओळखताना या चुका टाळा

जुनी लष्करी रायफल हाती आली की बहुतेक संग्राहक आधी क्रमांक पाहतात आणि रिसीव्हर (रायफलीचा मुख्य सांगाडा), बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता दांडा) व दस्त्यावरचे आकडे जुळले की सगळे भाग मूळचेच आहेत असे मानून मोकळे होतात. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याच्या हाती लागलेल्या जर्मन ९८के माउझर रायफली पुढे दुरुस्तीसाठी सुट्या केल्या गेल्या आणि जो बोल्ट हाती लागला तो बसवून त्यावर रायफलीचा क्रमांक नव्याने घालण्यात आला. म्हणून आकडा नुसता वाचू नये. तो कसा उमटला आहे हे भिंगातून पाहावे. जर्मन कारखान्यातला ठसा धातूत दाबला गेलेला असतो, तर नंतरचा आकडा पुष्कळदा विद्युत लेखणीने कोरलेला, उथळ आणि हाताच्या अक्षरासारखा दिसतो. अशा रायफलीच्या रिसीव्हरवर बहुधा ‘एक्स’सारखी खूणही सापडते.

याच्या उलट, अमेरिकी एम-१ गॅरँड रायफलीमध्ये जुळणारे क्रमांक शोधणे मुळातच व्यर्थ आहे, कारण तिच्या फक्त रिसीव्हरवर अनुक्रमांक असे. बोल्टवरचा ‘डी २८२८७’ हा आराखड्याचा क्रमांक आहे. त्याला अनुक्रमांक समजून चांगला बोल्ट बदलून टाकू नये. येथे पाहायचे ते निर्मात्याचे चिन्ह, आराखड्याच्या क्रमांकापुढचा सुधारणा-आकडा आणि नळीवरचा महिना व वर्ष. या रायफलीच्या ऑपरेटिंग रॉडला (वायूच्या दाबाने मागे सरकून बोल्ट चालवणाऱ्या दांड्याला) कोपऱ्यात तडे जात असल्याने युद्धानंतर तेथे अर्धगोल खाच पाडण्यात आली. खाच नसलेल्या रॉडला आज मागणी अधिक असल्यामुळे ती खाच वेल्डिंगने भरून विकण्याचे प्रकार होतात. तो कोपरा तिरप्या प्रकाशात धरून पृष्ठभागाचा रंग आणि कानशीचे ओरखडे तपासावेत.

ब्रिटिश ली-एनफील्ड रायफलीच्या बाबतीत घोटाळा वेगळा होतो. १९१६ मध्ये मंजूर झालेल्या मार्क ३ स्टार नमुन्यातून मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधून काडतुसे येणे थांबवणारी पट्टी) आणि लांब पल्ल्याचा नेम धरण्यासाठीच्या बाजूच्या साइट्स वगळण्यात आल्या होत्या, त्यामुळे १९१७ च्या रायफलीवर त्या नसणे म्हणजे भाग हरवणे नव्हे. याच घराण्यातल्या क्रमांक ४ रायफलीच्या बोल्ट-हेडवरचे (बोल्टच्या पुढच्या सुट्या टोकावरचे) ०, १, २, ३ हे आकडेही मापाचे आहेत. हेडस्पेस (बंद बोल्टचा पुढचा पृष्ठभाग आणि काडतूस नळीत जिथे टेकते ती जागा यांतले अंतर) योग्य राखण्यासाठी लष्करी शस्त्रकारागीर त्यांतले माप निवडून बसवीत. तेथे ‘मूळचा असेल’ म्हणून ० बसवला, तर हेडस्पेस वाढून रायफल धोकादायक होऊ शकते.

सारखे दिसणारे भाग परस्परांत चालतात, असेही समजू नये. युगोस्लाव्ह एम-४८ ही ९८के ची बहीण वाटते, परंतु तिचा रिसीव्हर आखूड असल्याने बोल्टची अदलाबदल होत नाही.

लष्करी कार्यशाळेत पुन्हा बांधलेली रायफल मिश्र भागांचीच असते आणि ती मिश्रता तिच्या सेवेचा खरा पुरावा आहे, असे माझे ठाम मत आहे. दस्त्यावर दुरुस्तीचा शिक्का असताना केवळ ‘शुद्ध’ दिसावी म्हणून भाग बदलले, तर तो पुरावा पुसला जातो. बदल करावाच लागला, तर काढलेला भाग रायफलीचा क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीसह जपून ठेवावा, आणि बोल्ट किंवा नळी बदलल्यावर जाणकार कारागिराकडून गेजने हेडस्पेस मोजून घेतल्याशिवाय गोळी झाडू नये.